ख्रिस्तभक्त नारायण वामन टिळक व त्यांचा देवाचा दरबार



ज्युबिलीचा समय हा हिशोबाचा समय असतो. मंदिराचा पाया केव्हां घातला गेला, पहिले धर्मगुरु कोण, किती बालकांस स्नानसंस्कार मिळाला, किती विवाह लागले, हें सर्व अशा प्रसंगीं आपण जुन्या वह्या उघडून पाहतों, आणि तें पाहणें योग्यच आहे. परंतु जी गोष्ट कोणत्याही वहींत लिहिलेली नसते तिचाही हिशोब ज्युबिलीच्या वर्षीं द्यावा लागतो. जुन्या करारांतील लोकांस पन्नासावें वर्ष नेमून दिलें होतें तें केवळ उत्सवासाठीं नव्हे. त्या वर्षीं दासांस मोकळें करावयाचें होतें, गहाण पडलेली जमीन मूळ धन्यास परत द्यावयाची होती, आणि जें जें बिघडलें असेल तें पुन्हां पहिल्यासारखें करावयाचें होतें.

आपल्यामध्यें असे पुष्कळ भाविक आहेत कीं, जे मिस्सा सुटल्यावर घरीं परततांना मनांत कांहीं तरी उणें राहिल्याची खंत बाळगतात. मंदिर भरलेलें असतें, पण प्रार्थना ओठांवर राहते. सणाचा मंडप मोठा होतो, पण शेजारच्या आजाऱ्याची चौकशी होत नाहीं. मंडळाच्या बैठकींत मानपानाचा वाद रंगतो आणि प्रभूचें नांव आरंभीं व शेवटीं तेवढें घेतलें जातें. ज्याला हें खुपतें तो बहुधा दोहोंपैकीं एका मार्गानें जातो. एक तर तो कडवट होऊन दूर राहतो, नाहीं तर गप्प बसून संवय करून घेतो. याहून तिसराही एक मार्ग आहे, आणि तो ज्यांनीं आपल्या आयुष्यानें दाखविला त्या कविवर्य नारायण वामन टिळकांचें चरित्र या पुस्तिकेंत थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

टिळक आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेंतील नव्हते, ही गोष्ट आरंभींच सांगितलेली बरी. ते अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळींतील होते. तथापि मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती माणसावर त्यांचें जें ऋण आहे तें पंथाच्या सीमेनें अडत नाहीं. शिवाय आपल्या गोंदियाच्या भूमीशीं त्यांच्या चरित्राचा एक धागा जुळलेला आहे, तो पुढें दिसून येईल.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजीं कोंकणांत, रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांव येथें एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबांत झाला. वडील वामनराव सरकारी नोकरींत होते. त्यांचा स्वभाव तापट होता व मुलांवर त्यांची माया क्वचितच प्रकट होई. आई जानकीबाई मात्र भक्तिमान, कोमल व काव्याची आवड असलेल्या होत्या. देवाचें प्रेम म्हणजे काय याची पहिली ओळख मुलाला आईच्या मांडीवर झाली. परंतु तें सुख फार टिकलें नाहीं. नारायण अकरा-बारा वर्षांचे असतांना आई वारली, आणि घराचा ओढाच संपला. मुलगा घर सोडून नाशिकास गेला. तेथें गणेशशास्त्री लेले यांच्यापाशीं त्यांनीं संस्कृताचें अध्ययन केलें, कांहीं काळ इंग्रजी शाळेंतही शिक्षण घेतलें, पण भावंडांच्या पोषणाचा भार अंगावर येऊन शिक्षण अर्ध्यावर राहिलें.

सन १८८० मध्यें त्यांचा विवाह नाशिकजवळच्या जलालपूर येथील गोखले घराण्यांतील मनकर्णिकेशीं झाला. सासरीं तिचें नांव लक्ष्मी ठेवण्यांत आलें. नवरी अवघी अकरा वर्षांची होती. पुढें हीच लक्ष्मीबाई टिळक म्हणून मराठी वाङ्मयांत अमर झाली. संसार मात्र सुखाचा नव्हता. टिळक एका गांवीं शिक्षक, दुसऱ्या गांवीं पुराणिक, तिसऱ्या गांवीं छापखान्यांत, असे भटकत राहिले. हातीं पैसा आला तर तो मागणाऱ्याला देऊन मोकळे होत, आणि मनांत आलें तर कोणाला न सांगतां निघून जात. लौकिक दृष्टीनें पाहतां हा एक अस्थिर, बेफिकीर मनुष्य होता. परंतु त्या भटकण्याच्या मुळाशीं एक शोध होता, हें त्या वेळीं त्यांचें त्यांनाही नीट उमगलें नसावें.

नाना ठिकाणें फिरून टिळक नागपुरास आले. तेथील धनिक व विद्याप्रेमी आप्पासाहेब बुटी यांनीं त्यांस आश्रय दिला. संस्कृत ग्रंथांच्या कामांत ते गढून गेले व ‘ऋषि’ नांवाचें मासिक त्यांनीं चालविलें. येथेंच त्यांच्या मनांतील धर्मविचारांस विशेष चालना मिळाली. जातिभेदानें देश पोखरला आहे, मनुष्य मनुष्याला शिवत नाहीं, आणि धर्माच्या नांवावर हें सर्व चालतें, याचा त्यांस उद्वेग आला. हिंदुस्थानाला तारील असा एखादा नवा धर्म आपणच स्थापावा, असेंही त्यांच्या मनानें घेतलें.

याच सुमारास, सन १८९३ मध्यें, राजनांदगांव संस्थानांत नोकरीसाठीं ते नागपुराहून आगगाडीनें निघाले. ही गाडी कोणत्या मार्गानें जाते हें आपणांस सांगावयास नको. वैनगंगा ओलांडून, तिरोडा, गोंदिया, आमगांव, सालेकसा अशीं ठाणीं घेत, दरेकशाच्या डोंगरांतून ती डोंगरगडकडे उतरते. त्या काळीं गोंदिया हें भंडारा जिल्ह्यांतील एक ठाणें होतें, स्वतंत्र जिल्हा तर १९९९ सालीं झाला. त्या गाडींत टिळकांच्या डब्यांत एक युरोपियन गृहस्थ बसले होते. त्यांनीं या तरुण ब्राह्मणाशीं आदरानें संभाषण केलें, काव्याविषयीं व धर्माविषयीं बोलणें झालें, आणि उतरण्यापूर्वीं त्यांनीं नव्या कराराची एक प्रत टिळकांच्या हातीं ठेविली. हा मनुष्य दोन वर्षांच्या आंत ख्रिस्ती होईल, असेंही त्यांनीं बोलून दाखविलें. टिळकांस तें बोलणें त्या वेळीं विलक्षणच वाटलें. पण पुस्तक वाचीन असें वचन त्यांनीं दिलें होतें, आणि वचन मोडण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता.

वाचतां वाचतां ते संत मत्तयाच्या शुभवर्तमानांतील पांचव्या अध्यायापाशीं आले. डोंगरावरील प्रवचनाचे ते तीन अध्याय संपेपर्यंत त्यांना पुस्तक खालीं ठेववेना. जो धर्म स्वतः घडवावयाचा म्हणून ते धडपडत होते, तो येथें आधींच घडलेला त्यांस दिसला. शत्रूवर प्रेम करणारा, दीनांस धन्य म्हणणारा, सर्व मानवांस एका पित्याचीं लेकरें समजणारा गुरु त्यांना सांपडला. आपल्या घरासमोरून दिवसांतून कित्येक वेळां जाणाऱ्या त्या लोहमार्गाकडे पाहतांना आपण याचें स्मरण ठेवावें. त्या वाटेनें धान्य गेलें, लांकूड गेलें, विडीचें पान गेलें, आणि एकदां एका शोधकाच्या हातीं प्रभूचें वचनही गेलें.

पुढील दोन वर्षें त्यांच्या अंतःकरणांत युद्ध चाललें होतें. मुंबईच्या डॉ. ॲबट या मिशनरी गृहस्थांशीं त्यांचा पत्रव्यवहार झाला. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबई येथें अमेरिकन मिशनच्या मंदिरांत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला, आणि तो गोऱ्या पाद्य्राच्या नव्हे तर हिंदी धर्मोपदेशकाच्या हातून. या एका गोष्टींत त्यांच्या पुढील सर्व आयुष्याची दिशा दिसते. ख्रिस्त हवा, पण तो परक्याचा पाहुणा म्हणून नव्हे, तर आपल्या घरचा धनी म्हणून हवा.

या निश्चयाची किंमत मोठी पडली. आप्तांनीं त्यांस मृतवत् मानलें. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन नातलगांच्या आश्रयास राहिल्या व कांहीं काळ पंढरपुरास होत्या. चार वर्षांहून अधिक काळ पतिपत्नींचा वियोग झाला. टिळकांनीं पत्नीवर सक्ती केली नाहीं, तिचा त्यागही केला नाहीं. त्या परत आल्या तेव्हां आपला स्वयंपाक वेगळा ठेवीत, सोंवळें पाळीत, आणि टिळक तें सोशीत. पुढें जातिभेद हा देवाचा नसून माणसाचा आहे, हा विचार लक्ष्मीबाईंच्या स्वतःच्या मनांत उगवला, आणि सन १९०० मध्यें त्यांनीं आपण होऊन बाप्तिस्मा घेतला. ज्याला आपल्या घरांत धीर धरतां आला त्यालाच मंडळींत सुधारणेची भाषा बोलण्याचा अधिकार असतो, हें येथें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

अहमदनगर ही टिळकांची कर्मभूमि झाली. तेथें त्यांनीं धर्मशिक्षणाच्या विद्यालयांत अध्यापन केलें. शतकाच्या अखेरच्या दुष्काळांत अनाथ मुलांना त्यांनीं आपल्या घरीं आणलें व लक्ष्मीबाईंनीं त्यांस पोटच्या लेकरांप्रमाणें वाढविलें. सन १९०४ मध्यें त्यांस धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. ‘ज्ञानोदय’ या पत्राच्या मराठी भागाचें संपादन १९१२ पासून मरणापर्यंत त्यांनीं केलें. फुलांचे व मुलांचे कवि म्हणून सगळा महाराष्ट्र त्यांना ओळखूं लागला. बालकवि ठोंबरे यांच्यासारख्या तरुणास त्यांनीं आपल्या घरीं ठेवून घेतलें व त्याच्या प्रतिभेस प्रेमानें जपलें.

आतां ज्या गोष्टीसाठीं हें चरित्र सांगावयास घेतलें तिच्याकडे वळूं. बाहेरून पाहणाऱ्यास टिळकांचें सर्व उत्तम चाललें होतें. मान होता, काम होतें, स्नेही होते. पण अंतरीं त्यांना एक दुःख जाळीत होतें. ज्या ख्रिस्तासाठीं त्यांनीं जात, घर, आप्त सोडले, तो ख्रिस्त मंडळीच्या रोजच्या जीवनांत त्यांना पुरेसा दिसत नव्हता. मंडळी मिशनच्या पैशावर अवलंबून होती. पाश्चात्य धर्मोपदेशक मायबाप आणि हिंदी ख्रिस्ती मनुष्य त्यांचा आश्रित, असें नातें पडून गेलें होतें. धर्मकार्य ही नोकरी झाली होती, आणि नोकरींत असतो तसा हेवा, तशी बढतीची आशा व तशीच भीति तेथेंही शिरली होती. उपासनेंतील चाली परदेशच्या, वाद्यें परदेशचीं, आणि युरोपांत जे पंथभेद झाले तेही येथें जसेच्या तसे आणून बसविलेले. परिणामीं ख्रिस्ती मनुष्य आपल्या देशबंधूंस परका झाला, आणि त्यानें ज्या प्रभूचें नांव घ्यावें तो प्रभुही त्यांना परका वाटूं लागला.

हा असंतोष त्यांनीं दोन प्रकारांनीं प्रकट केला. पहिला प्रकार स्पष्ट बोलण्याचा होता. मिशनरींनीं धनी न राहतां बंधु व्हावें, आणि हिंदी मंडळींनीं हात पसरणें सोडून स्वतःच्या पायांवर उभें राहावें, असें ते दोघांसही निर्भीडपणें सांगत. तथापि ज्या मिशनरींशीं त्यांचा मतभेद होता त्यांच्यावर त्यांचें प्रेमही होतें. अहमदनगरचे डॉ. ह्यूम हे त्यांचे आदरणीय स्नेही होते. त्यांच्या टीकेंत द्वेष नसे. ज्याचें घर असतें तोच घराच्या गळक्या छपराविषयीं बोलतो, त्या आपलेपणानें ते बोलत.

दुसरा प्रकार याहून मोलाचा आहे. जी उणीव दिसली ती भरून काढण्यास त्यांनीं स्वतः हात घातला. उपासना परकी वाटते ना, तर त्यांनीं मराठी वृत्तांत व अभंगांत ख्रिस्ताचीं भजनें रचलीं, एक-दोन नव्हे, शंभरांहून अधिक. ज्ञानेश्वर-तुकारामांच्या वाणीवर त्यांचा पिंड पोसला होता. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलों, असें ते मानीत. ख्रिस्ती कीर्तनाचा प्रघात त्यांच्यापूर्वीं अहमदनगरचे कृष्णराव सांगळे यांनीं पाडला होता. टिळकांनीं त्याला आपल्या वाणीचें तेज दिलें. ज्या गांवांत प्रवचन ऐकण्यास कोणी थांबत नसे, तेथें टाळ-मृदंगाच्या नादांत येशूची कथा लोक रात्रभर ऐकत. त्यांचीं भजनें महाराष्ट्रांतील मंदिरांत आजही गायिलीं जातात. सोळाव्या शतकांत इंग्लंडांत जन्मलेल्या आणि गोव्यांत आयुष्य वेंचलेल्या आपल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनीं १६१६ मध्यें छापलेल्या ख्रिस्तपुराणांत ओवीला ख्रिस्तचरणीं वाहिलें होतें. तीच सेवा तीन शतकांनंतर टिळकांनीं ‘ख्रिस्तायन’ या महाकाव्यानें आरंभिली. तें त्यांच्या हातून अपुरें राहिलें, लक्ष्मीबाईंनीं तें पुढें चालविलें, आणि १९३८ सालीं तें प्रसिद्ध झालें.

एवढें करूनही त्यांचें समाधान झालें नाहीं. गीतें बदललीं, पण मनें बदललीं नाहींत, असें त्यांस वाटे. आपण पगार घेऊन ख्रिस्त सांगतों, ही गोष्ट त्यांना टोंचीत होती. अखेर सन १९१७ मध्यें, दीर्घ प्रार्थनेनंतर व एका गाढ आध्यात्मिक अनुभवानंतर, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षीं त्यांनीं मिशनची चाकरी सोडली, संन्यासवृत्ति स्वीकारली व ते साताऱ्यास जाऊन राहिले. तेथें त्यांनीं ‘देवाचा दरबार’ स्थापिला. दरबाराचा राजा ख्रिस्त. त्यांत पगार नाहीं, पद नाहीं, उच्चनीच नाहीं. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, पण ख्रिस्तास गुरु मानून त्याच्याप्रमाणें जगूं इच्छिणारे, अशा सर्वांचा तो एक बंधुसंघ व्हावा, अशी कल्पना होती. त्यांनीं मिशनची नोकरी सोडली, परंतु ख्रिस्तास सोडलें नाहीं, आणि ख्रिस्ती बंधूंशीं वैरही धरलें नाहीं. सोडला तो पगार, प्रतिष्ठा व निश्चिंतपणा.

या कार्यास त्यांना दोन वर्षेंही मिळालीं नाहींत. प्रकृति ढांसळली. उपचारासाठीं त्यांस मुंबईस नेण्यांत आलें, आणि ९ मे १९१९ रोजीं तेथें त्यांनीं देह ठेविला. त्यांच्या इच्छेप्रमाणें देहास अग्नि देण्यांत आला व अस्थि अहमदनगरास नेण्यांत आल्या. दरबार त्यांच्या मागें फार काळ टिकला नाहीं. लक्ष्मीबाई १९३६ पर्यंत जगल्या. त्यांच्या ‘स्मृतिचित्रें’ या ग्रंथानें टिळकांचे गुण-दोष दोन्ही जगापुढें इतक्या प्रांजळपणें मांडले आहेत कीं, त्यांना कोणी दगडाची मूर्ति करूं शकणार नाहीं.

आपण कॅथलिक वाचकांनीं या चरित्राकडे कसें पाहावें? स्नानसंस्कार हें ख्रिस्तसभेचें द्वार आहे अशी आपली श्रद्धा आहे. त्यामुळें दरबाराची सर्वच कल्पना आपणांस मान्य करतां येणार नाहीं. शिवाय एका पुरुषाच्या तेजावर उभें राहिलेलें कार्य त्या पुरुषाबरोबर मावळतें, हाही बोध येथें आहे. संत फ्रान्सिस असीसीकर यांनीं जीर्ण मंदिराची डागडुजी स्वतःच्या हातांनीं आरंभिली, दारिद्र्य पत्करलें, आणि ख्रिस्तसभेच्या आज्ञेंत राहून तिला नवें केलें. म्हणून त्यांचें झाड आठ शतकें फळ देत आहे. टिळकांना असा आसरा लाभला नाहीं.

परंतु दोष सगळा टिळकांचा होता, असें म्हणून हात झटकणें बरें नव्हे. त्यांच्याच जन्मवर्षीं, १८६१ मध्यें, बंगालमध्यें ब्रह्मबांधव उपाध्याय जन्मले. ते तर आपल्याच कॅथलिक ख्रिस्तसभेंत आले. १८९९ सालीं त्यांनीं जबलपुराजवळ नर्मदेकांठीं हिंदी धर्तीचा कॅथलिक मठ काढला. जबलपूर त्या वेळीं नागपूर धर्मप्रांतांत मोडत असे, आणि नागपूरच्या बिशपांनीं प्रथम या प्रयत्नास अनुकूलता दर्शविली होती. पण वरिष्ठांचा विरोध झाला व मठ लवकरच बंद पडला. गोंदियाहून एक लोहमार्ग राजनांदगांवाकडे व दुसरा जबलपुराकडे जातो. दोन्ही मार्गांच्या टोंकांशीं ख्रिस्तासाठीं तळमळणाऱ्या एकेका जीवाची आठवण आहे, आणि दोघांनाही आपल्या काळाच्या मंडळींत पुरती जागा मिळाली नाहीं.

ती जागा पुढें झाली. टिळकांचे चरित्रकार विन्स्लो यांनीं १९२२ मध्यें अहमदनगर येथें ख्रिस्त सेवा संघ स्थापून आश्रमजीवनाचा मार्ग चालविला. आपल्या ख्रिस्तसभेंत १९६२ ते १९६५ या काळांत दुसरी व्हॅटिकन परिषद भरली. १९६३ मध्यें तिनें उपासनेंत लोकभाषेस वाट करून दिली, आणि १९६४ मध्यें दुरावलेल्या ख्रिस्ती बंधूंशीं ऐक्य साधण्याची आज्ञा केली. आज आपण मराठींत मिस्सा अर्पण करतों, आपल्या चालींत गातों. टिळक ज्यासाठीं झुरले त्यांतील पुष्कळसें आपणांस घरबसल्या मिळालें आहे.

मग तरीही मंदिर सोडतांना मन रितें कां राहतें? हाच प्रश्न ज्युबिलीच्या वर्षीं आपण स्वतःस विचारावयाचा आहे. भाषा आपली झाली, पण प्रार्थना आपली झाली काय? टिळकांचें उत्तर त्यांच्या आयुष्यांत आहे. त्यांनीं मंडळीचा दोष पाहिला, तेव्हां आपण त्या मंडळीचेंच एक अंग आहों हें ते विसरले नाहींत. गाणें नव्हतें तेथें त्यांनीं गाणें रचलें. प्रेम नव्हतें तेथें अनाथ लेकरूं घरीं आणलें. स्वार्थ दिसला तेथें आधीं स्वतःचा पगार सोडला. ज्यांना आपल्या धर्मग्रामांत कांहीं उणें दिसत असेल त्यांनीं ती उणीव देवानें आपल्यालाच कां दाखविली, याचा विचार करावा. कदाचित् ती भरून काढण्याचें काम त्यानें आपल्याच हातीं सोंपविलें असेल.

प्रभु येशू ख्रिस्तानें आपल्या या धर्मग्रामाला ज्युबिलीच्या निमित्तानें नवी इमारत देवो अथवा न देवो, नवें अंतःकरण मात्र अवश्य देवो. आणि आपल्या गांवावरून गेलेल्या त्या गाडींत ज्या वचनानें एका भटक्या जीवाला घर मिळालें, तेंच वचन आपल्यापैकीं प्रत्येकाच्या हातीं पुन्हां उघडलें जावो, अशी त्याच्या पवित्र चरणीं आमची नम्र प्रार्थना आहे.